पाहुण्यांसाठी राखलेली कॉफी

आपल्याकडे चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. सकाळी उठल्यावर चहा, कामावरून आल्यावर चहा, दारी कुणी आले तरी चहाच. कॉफी व्हायची ती व्याही आले तर, मुलांचे परीक्षेचे जागरण असले तर, नाहीतर घरात कुणी आजारातून उठले तर. तीही दुधात, वर जायफळ उगाळून. त्यामुळे कॉफी घरात ठेवायची कशी हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. पन्नास ग्रॅमची पुडी नाहीतर लहानशी बाटली आणायची आणि झाकण घट्ट लावायचे, की झाले.

आता दिवस बदलले आहेत. आपल्या घरांतली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूर, चेन्नई, हैदराबादला जाऊन राहिली. सुटीत येताना ती कॉफी घेऊन येतात; आणि पूड नव्हे, भाजलेल्या अख्ख्या बिया. आई पिशवी हातात घेते, वास घेते, किंमत विचारते आणि म्हणते, "एवढी महाग? राहू दे, पाहुणे आले की करू." पिशवी फडताळाच्या वरच्या फळीवर जाते. सहा महिन्यांनी पाहुणे येतात, पिशवी उघडते, आणि त्या बियांना लाकडाच्या भुशापलीकडे वास उरलेला नसतो. लेकीने पगारातून आणलेली वस्तू ना घरच्यांच्या तोंडी लागली, ना पाहुण्यांच्या. पाहुणा बिचारा "छान झाली" म्हणून कप खाली ठेवतो, आणि घरातली बाई समजते की ही बियांची कॉफी आपल्याला काही जमत नाही. खरे म्हणजे तिच्या हाताचा यात काहीच दोष नसतो.

मागे या सदरात आम्ही पावसाळ्यात डाळी-कडधान्ये कशी राखावीत ते लिहिले होते. त्यावर काही भगिनींनी विचारले की कॉफीच्या बियाही तशाच ठेवाव्यात काय? उत्तर असे की, तशा अजिबात ठेवू नयेत. डाळ राखणे आणि कॉफी राखणे यांत मूलभूत फरक आहे, आणि तो कळला की बाकी सारे सोपे आहे.

चार वैरी

डाळीचा वैरी किडा. म्हणून आपण ती कडक उन्हात वाळवतो, कडुलिंबाचा पाला घालतो, डबा भरून ठेवतो आणि वर्षभर निश्चिंत होतो. कॉफी बिघडते ती किड्याने नव्हे. तिचे वैरी चार: हवा, ओल, उष्णता आणि उजेड. गंमत अशी की डाळ वाचवण्याचे आपले उपाय कॉफीला मारक ठरतात. भाजलेल्या बिया उन्हात पसरल्या तर हवा, उष्णता आणि उजेड हे तीन वैरी एकाच वेळी तुटून पडतात. कडुलिंबाचा पाला घातला तर कॉफीला कडुलिंबाचा वास लागतो.

असे का होते? कॉफीची कच्ची बी हिरवट, टणक असते. तिच्यात शेकडा दहा ते बारा इतके पाणी असते. ती भाजली की पाणी जवळजवळ सगळे निघून जाते, वजन शेकडा पंधराच्या आसपास घटते, बी फुलते आणि आतून सच्छिद्र होते. ज्या वासासाठी आपण कॉफी पितो तो वास भाजतानाच तयार होतो. तो हवेत उडून जाणारा आहे. बीच्या आत तेलही असते. उघड्या हवेतला प्राणवायू त्या तेलाला लागला की ते हळूहळू खवट होते, जुन्या शेंगदाण्यासारखे. आणि कोरडी झालेली बी आसपासची ओल स्पंजासारखी ओढून घेते. पापड सादळतो तशी कॉफीही सादळते. पापड निदान पुन्हा भाजता येतो; कॉफीचा गेलेला वास परत आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट. भाजल्यानंतर काही दिवस बीमधून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत राहतो. हा वायू निघतो आहे तोवर तो प्राणवायूला काहीसा दूर ठेवतो. चांगल्या पिशवीला बटणासारखा एक झडपेचा ठिपका असतो तो याचसाठी. त्यातून आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. काही भगिनींना तो ठिपका म्हणजे पिशवीला पडलेले भोक वाटते आणि त्या त्यावर चिकटपट्टी लावतात. तसे करू नये. अगदी ताजी भाजलेली कॉफी भाजल्या दिवशीच करू नये, हेही याच कारणाने. वायू फार असला की पाणी बियांच्या पुडीत नीट उतरत नाही. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत.

डबा कसा असावा

झडपेच्या पिशवीला वरून दाबून बंद करायची पट्टी असेल तर कॉफी त्या पिशवीतच राहू द्यावी. प्रत्येक वेळी आतली हवा हाताने दाबून काढावी, पट्टी नीट बसवावी आणि पिशवी डब्यात ठेवावी. पिशवी साधी असेल तर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा उत्तम. झाकणाला आतून रबराची कडी असली तर फारच चांगले. काचेची बरणीही चालते, पण ती बंद कपाटात ठेवावी. ओट्यावर शोभेसाठी नको. प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा तर नवा घ्यावा. ज्यात कधी काळी काळा मसाला किंवा गरम मसाला होता तो डबा कितीही घासला तरी वास सोडत नाही.

डबा बियांच्या मानाने असावा. पावशेर कॉफी दोन किलोच्या डब्यात टाकली तर उरलेल्या जागेत हवाच असते, आणि हवा हाच पहिला वैरी. बिया कमी होत गेल्या की लहान डब्यात काढाव्यात. डबा रिकामा झाला की साबणाने धुऊन, कोरडा करून मगच नवी कॉफी भरावी. जुन्या बियांचे तेल डब्याच्या बुडाला आणि कडांना लागून राहते व खवट होते. त्यावर नवी कॉफी ओतली की ताजीलाही जुनीचा वास लागतो. चमचा नेहमी कोरडा असावा. वाफाळत्या भांड्यावर डबा उघडा धरून त्यातून कॉफी काढू नये.

जागा कुठली? शेगडीच्या वरची फळी सर्वांत वाईट, कारण तिथे ऊब आणि वाफ दोन्ही पोहोचतात. फ्रिजच्या डोक्यावरची जागाही तशीच, तिथे गरम हवा साठते. खिडकीत ऊन येते. पत्र्याचे घर असेल तर उन्हाळ्यात वरच्या फळ्या तापतात, तिथे खालची फळी बरी. आमच्या मते स्वयंपाकघरातले खालचे, भिंतीला ओल नसलेले, चुलीपासून लांबचे कपाट उत्तम. त्या कपाटात सुकट, बोंबील, हिंग, कांदा-लसूण मसाला यांचे शेजार नसावे. कॉफी दुसऱ्याचा वास फार लवकर घेते.

फ्रिजचे काय?

हा प्रश्न हटकून येतो. दार सारखे उघडते त्या फ्रिजच्या खालच्या भागात कॉफी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थंड डबा बाहेर काढला की दमट हवेचे पाणी त्यावर धरते. माठाला बाहेरून घाम येतो, तसेच. तो घाम बियांवर बसला की एका आठवड्यात कॉफी सादळते. शिवाय कालची आमटी, चिरलेला कांदा, मासळी या सर्वांचे वास तिथे फिरत असतात.

बर्फाच्या कप्प्याची गोष्ट वेगळी. तिथे कॉफी तीन-चार महिने चांगली राहू शकते, पण नियम काटेकोर पाळले तरच. कॉफी ताजी असतानाच शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या कराव्यात. जाड पिशवीत भरून हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी. त्यावर तारीख लिहावी. लागेल तेव्हा एकच पुडी काढावी. ती लगेच फोडू नये. रात्रभर बंदच बाहेर राहू द्यावी, घरातल्या हवेइतकी झाली की मग उघडावी; म्हणजे घाम पिशवीच्या बाहेर बसतो, बियांवर बसत नाही. एकदा काढलेली पुडी परत आत टाकू नये. रोज काढायची आणि रोज ठेवायची असेल तर त्यापेक्षा कपाटातला डबा बरा.

ओल वाईट असते, हे ऐकून एखादा जाणकार विचारील की मग मलबारच्या 'मान्सून' कॉफीचे काय? प्रश्न रास्त आहे. जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून मलबार किनाऱ्यावरची कॉफी युरोपला जायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने बिया फुगत, पिवळसर होत आणि त्यांची चव सौम्य होई. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे जहाजे वेगाने जाऊ लागली तेव्हा मंगळूरकडच्या व्यापाऱ्यांनी उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर बिया पसरून तीच चव आणण्याची रीत बसवली. पण ध्यानात घ्यावे, त्या बिया कच्च्या असतात. कच्च्या बीला पावसाळी वारा घडवतो, भाजलेल्या बीला तोच वारा बिघडवतो.

कच्ची बी कोरड्या जागी सहा महिने ते वर्षभर सहज टिकते. दक्षिणेत पूर्वी कित्येक घरांतून कच्च्या बिया आणून आठवड्यापुरत्या घरीच भाजत आणि हातचक्कीवर दळत. ज्यांना हौस असेल त्यांनी जाड बुडाच्या लोखंडी कढईत शंभर ग्रॅम भाजून पाहाव्यात. सारख्या हलवाव्या लागतात, धूर होतो, खिडकी उघडी हवी. बिया तडतडून तपकिरी झाल्या की ताबडतोब सुपात पसरून गार कराव्यात आणि फोलपट पाखडून टाकावे. भुईमुगाच्या शेंगा भाजलेल्या हाताला हे अवघड नाही.

दळायची केव्हा?

अख्खी बी आणि पूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बी फोडली की तिच्या आतला सारा भाग हवेला उघडा पडतो. अख्खी बी जे आठवड्यांत गमावते ते पूड तासांत आणि दिवसांत गमावते. म्हणून कॉफी करायच्या वेळीच, लागेल तेवढीच दळावी. मिक्सरच्या लहान कोरड्या भांड्यात थांबून थांबून फिरवावे, सलग फिरवल्यास पूड तापते. भांड्याला मसाल्याचा वास असेल तर आधी चमचाभर कच्चे तांदूळ फिरवून टाकून द्यावेत आणि भांडे कोरड्या फडक्याने पुसावे. वीज गेली असेल तर खलबत्ताही चालतो. पूड जाडसर राहील एवढेच. फिल्टर नसला तरी अडत नाही. उकळलेल्या पाण्यात जाडसर पूड घालून चार मिनिटे झाकावे आणि स्वच्छ फडक्यातून गाळावे.

दुकानातून दळून आणायची असेल तर आठवड्याला पुरेल एवढीच आणावी. मुंबईत माटुंग्याकडे दाक्षिणात्य वस्तीतल्या दुकानांतून समोर दळून देतात, तिथे शंभर ग्रॅमही मिळते. पुडीत चिकोरी आहे का ते पाहावे. चिकोरी ही एका झाडाची मुळी; ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. आपल्या देशात अशा मिश्रणात कॉफी निदान शेकडा ५१ असलीच पाहिजे आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, असा नियम आहे. चिकोरी वाईट नव्हे, रंग आणि दाटपणा देते. पण ती ओल धरते आणि अशी पूड पावसाळ्यात लवकर गोळा होते. वेष्टनावर आणखी एक गोष्ट शोधावी: भाजल्याची तारीख. 'अमुक महिन्यांच्या आत वापरा' एवढ्यावर समाधान मानू नये. खाण्यास योग्य असणे वेगळे आणि ताजे असणे वेगळे.

किती आणावी?

आता हिशेब करू. एका कपाला साधारण आठ ते दहा ग्रॅम बिया लागतात. म्हणजे पाव किलोत पंचवीस ते तीस कप. चार माणसे रोज एकेक कप घेत असतील तर पाव किलो आठवड्यात संपते. ठेवण्याची चिंताच नको. दोघेच घेत असतील तर दोन आठवडे. पण फक्त रविवारी चौघे घेणार असतील तर तेच पाव किलो सहा-सात आठवडे पुरते, आणि उघडलेल्या बिया तीन-चार आठवड्यांपर्यंतच खऱ्या चांगल्या असतात. अशा घराने एका वेळी शंभर ग्रॅमच आणावी. लेकीने किंवा मुलाने अर्धा किलो आणली तर? त्यातली थोडी डब्यात ठेवावी, थोडी वर सांगितल्याप्रमाणे बर्फाच्या कप्प्यात, आणि शंभर ग्रॅम शेजारी द्यावी. सहा महिन्यांनी शिळी पाजण्यापेक्षा आज ताजी दिलेली शेजाऱ्याच्याही लक्षात राहते.

ताजेपणा कसा ओळखावा? डबा उघडताच वास नाकाशी यायला हवा; नाक डब्यात घालावे लागले तर समजावे की ती उतरली. पुडीवर गरम पाणी ओतल्यावर ती फेसाळून फुगली तर आत वायू शिल्लक आहे, कॉफी ताजी आहे. नुसती भिजून खाली बसली तर जुनी. शिळ्या कॉफीने अपाय होत नाही, फक्त पैसा आणि चव जाते. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर मात्र सारी फेकून द्यावी. वरची बुरशी काढून उरलेली वापरू नये. बुरशीचे विष उकळून जात नाही. नुसती शिळी झालेली कॉफी उघड्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवली तर तिथला वास ओढते, आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळता येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी म्हणेल. कारण कॉफी स्वस्त नाही आणि सोपीही नाही. २०२४ साली ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये पाऊस रुसला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका कॉफीचा जागतिक भाव तोवरच्या उच्चांकाला गेला. चिकमंगळूर, कोडगू, वायनाड, अराकू इथल्या मळ्यांत, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही, कॉफीचे लाल फळ हातानेच खुडावे लागते. किलोभर कच्च्या बियांसाठी पाच-सहा किलो फळ लागते. त्या खुडणाऱ्या हातांत बायकांचे हात फार मोठ्या संख्येने आहेत. उतारावर उभे राहून, पाटी कमरेला बांधून खुडलेले ते फळ आपल्या फडताळात वास हरवून पडावे, हे आम्हांला पटत नाही.

आणि एक शेवटचे. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची सवय आपल्या आया-आज्यांनी टंचाईच्या दिवसांत लावून घेतली. घरात एकच चांगली चादर, चार चांगले कप, ते आल्या-गेल्यासाठी. त्या सवयीत मोठेपण होते आणि त्यामुळे कितीतरी घरांची अब्रू राहिली. चादर दोन वर्षे पेटीत राहिली तरी चादरच राहते. कॉफी राहत नाही. तिला वाट पाहता येत नाही. तेव्हा भगिनींनो, लेकीने आणलेली पिशवी त्याच आठवड्यात उघडा. पहिला कप आलेल्या पाहुण्याचा नव्हे, घरातल्या बाईचा असू द्या. तिने तो बसून, गरम असतानाच प्यावा. पाहुणे यायचे तेव्हा येतीलच, आणि त्यांच्यासाठी शंभर ग्रॅम ताजी कॉफी कोपऱ्यावरच्या दुकानातूनही आणता येईल.